निळी शिवण

आपल्या गॅरेजमध्ये क्लाइबरने गाडीवरची ताडपत्री ओढली आणि नेगेलेबाईंनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

तीच गाडी. चंदेरी, लांब नाकाची, इंजिन पुढे. त्या इंजिनाच्या धगीने त्यांच्या नवऱ्याचे, लोथारचे पाय भाजायचे, म्हणून शर्यतीआधी बाई त्याच्या बुटांत ओला नमदा घालून द्यायच्या. जर्मनीतल्या आल्ब डोंगराच्या चढावर शर्यतीतल्या अपघातात तो गेला, तेव्हा गाडी वितळवून टाकल्याचं त्यांना सांगितलं होतं. आणि इथे तर इंजिनात घालायच्या एरंडेलाचा जळका वाससुद्धा तोच होता.

"कागदपत्रं जळाली हो सगळी," क्लाइबर म्हणाला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. "ही खरी की नक्कल, हे सांगणारं माणूस आता एकच उरलंय. तुम्ही! जुन्या गाड्यांच्या क्लबचे हे दोघे दाखला द्यायला त्यासाठीच आलेत. हिच्यापायी मी अर्धं आयुष्य घातलंय, बाई."

"अरे, त्यांना आधी बसू तरी दे," क्लबवाल्यांपैकी एक जण आलुबुखाराच्या केकने भरलेल्या तोंडाने म्हणाला.

"गाडीतच बसवतो ना! बघा, सगळं मूळचं. स्टिअरिंगसुद्धा. इथे आत दबलंय, दिसतंय? अपघातात वाकलेलं. एक जण म्हणाला, सरळ करून देतो. हाकलून दिलं त्याला! असं वाकलेलं मिळतं का कुठे?"

बाई गाडीजवळ सरकल्या. ते कुणाच्या छातीने वाकलं, हे या माणसाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. वाईट नव्हता तो. त्याला गाडीपलीकडे काही दिसत नव्हतं, एवढंच.

त्यांनी स्टिअरिंगवरून बोटं फिरवली. कातड्यावर निळ्या दोऱ्याची शिवण होती. काळा दोरा संपला म्हणून त्यांनीच घातलेली. "पुरे कर गं," लोथारने तेव्हा चिडवलं होतं, "शर्यतीला चाललोय, लग्नाला नाही!"

"नाही," बाई म्हणाल्या. "ही लोथारची नाही."

क्लाइबर बाजूच्या टायरवर मटकन बसला. "नीट बघा ना, बाई."

"बघितलं. नक्कल चांगली जमलीय." कानापर्यंत लाल झाल्या त्या. खोटं बोलायची सवय नव्हती.

क्लबवाल्याने दाखल्यावर सही न करताच पेनाला टोपण लावलं. तेवढ्याने क्लाइबरचं डोकं फिरलं. त्याने पाना उचलला, नट सोडवला, हिसका देऊन स्टिअरिंग उपटलं आणि कोपऱ्यात भिरकावलं. "मग हे मोडकं कशाला मिरवू? भंगार साला!"

"टाकताय?" बाईंनी विचारलं. "मला द्या. घेवड्याच्या वेलाला चढायला होईल."

"न्या! तुम्ही श्वाबी माणसं इथली चिक्कू म्हणून प्रसिद्धच, फुकटचं काही सोडणार नाही," तो कडवटपणे म्हणाला. आणि मग तोंड फिरवून रडला.

बाईंना त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. स्टिअरिंग उचलून त्या बाहेर पडल्या.

बस आली. म्हातारीच्या हातात स्टिअरिंग बघून चालकाला हसू आवरेना.

"काय आजी, बाकीची गाडी कुठे ठेवलीत?"

"नवऱ्याने ठोकली," बाई म्हणाल्या.

चालक खो खो हसला. बाई खिडकीशी बसल्या आणि वाकलेली बाजू त्यांनी छातीशी धरली.