भरली कोठी
ऑस्लोतल्या ज्या धान्यकोठारात टोरगेर तीस वर्षं राबले, तिथं आता विद्यार्थी राहत. 'गहू काय, जगात कुठंही विकत मिळतो,' म्हणत सरकारनं कोठ्या रिकाम्या केल्या होत्या. अशाच एका कोठीच्या गोल खोलीत नात इंगविल त्यांना हसत होती. "आजोबा, भेट म्हणून पीठ कोण आणतं?" "जगभर पिकं करपलीत, पोरी. कुणीच गहू विकेना." त्यांनी जुन्या सवयीनं भिंतीवर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला. "हे काय?" "कोठी किती भरलीय, ते असं कळायचं. भरली कोठी मुकी असते." "काहीतरीच तुमचं. गव्हाचं जहाज येईल की." तेवढ्यात दार वाजलं. शेजारची मुलगी रिकामा वाडगा घेऊन उभी होती. "भिंत वाजली, म्हणून आले. थोडं पीठ मिळेल?" "संपलं गं," इंगविल म्हणाली आणि तिनं पिठाची पिशवी पायानं हळूच पलंगाखाली सरकवली.