हर्स्टबाईंची पायरी

पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवर टीव्हीवाले कार्यक्रम करत होते, म्हणून दिग्दर्शक क्लाइव्ह पेंबर्टन यॉर्कशरमधल्या त्या खाणकामगारांच्या गल्लीत पुन्हा आला. त्याच्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग इथंच, हर्स्टबाईंच्या घरात झालं होतं. त्या दिवशी बाईंनी पहाटे उठून दारातली पायरी घासली होती, वर पांढरा दगड फिरवून लख्ख केली होती. सिनेमात आपलं दार दिसणार म्हणून! आणि क्लाइव्हनं त्या पायरीवर चिखलाची बादली ओतायला लावली होती. "एवढी स्वच्छ गरिबी लंडनमध्ये कुणाला पटायची नाही," असं बाईंच्या देखतच हसत म्हणाला होता. त्याच दृश्यानं पुढं त्याचं नाव झालं.

दार बाईंच्या लेकीनं, नोरानं उघडलं.

"आई गेली हो मागच्या वर्षी. तुमचा सिनेमा लागला ना, तेव्हापासून दिवसातून दोनदा पायरी घासायची. 'लोक काय म्हणत असतील गं आपल्याला,' हेच शेवटपर्यंत. आता मी घासते."

क्लाइव्हला मान वर करवेना. माफीचे शब्द कसेबसे ओठांवर आले, तेवढ्यात कार्यक्रमाची दिग्दर्शिका बादली घेऊन लगबगीनं पुढं आली.

"सर, पायरी फारच चकचकीत दिसतेय. जुन्या दृश्याशी जुळायची नाही. थोडा चिखल मारून घेते हं," ती म्हणाली आणि कौतुकानं त्याच्याकडं बघून हसली, "तुमच्याकडूनच शिकलेय!"