बिनकटकटीचं जनावर

"पपा, अजून थोडा उंच हो ना."

"आणखी उंच कसा होऊ? माझ्या आईने जेवढा जन्माला घातलाय तेवढाच आहे मी."

स्पेनमधलं पालेन्सिया शहर, सकाळचे सव्वासात. नदीकाठच्या तुतीखाली फेर्मिन कोट-टाय घालून उभा होता आणि त्याच्या खांद्यावर आठ वर्षांची एल्विरा. खालच्या फांद्या शहरातल्या इतर शाळांमधल्या पोरांच्या आईबापांनी केव्हाच ओरबाडून नेल्या होत्या. कोटाच्या खिशात फोन वाजत होता. फेर्मिनच्या दोन्ही मुठींत लेकीचे दोन घोटे होते.

"सोडू नकोस हं पपा, पडेन मी."

"वाजू दे मेल्याला. हात कुठे मोकळे आहेत?"

फेर्मिनकडे तेवीस इमारतींची देखभाल होती. कुठे लिफ्ट अडके, कुठे नळ गळे, कुठे तिसऱ्या मजल्यावरची बाई चौथ्या मजल्यावरच्या बाईवर फिर्याद करायला निघे. सगळी गाऱ्हाणी ह्याच्याच कानाशी. जेवताना फोन, दाढी करताना फोन. एल्विरा काही सांगायला आली की तो फोन कानाला तसाच ठेवून एक बोट वर करी. म्हणजे थांब. ती त्या बोटाकडे बघत थांबे, आणि थोड्या वेळाने निघून जाई. आई पहाटेच्या गाडीने वायादोलिदला नोकरीला जाई ती रात्रीच परते.

मार्चमध्ये एल्विराने कुत्रा मागितला.

"कुत्रा? त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? मला मरायला फुरसत नाही." मांजर सोफा फाडतं. माशांचं पाणी बदलावं लागतं. पोपट बोलतो, आणि घरात एक फोन बोलतो तेवढा पुरे होता. कटकट नसलेलं एखादं जनावर सांग, लगेच आणतो, असं फेर्मिन म्हणाला. आपण मोठे दिलदार आहोत असंही त्याला वाटून गेलं.

"मग रेशमाचे किडे?" एल्विरा हळूच म्हणाली. "शाळेत सगळ्यांनाच देतायत. बुटांच्या खोक्यात राहतात."

फेर्मिन खूश झाला. भुंकणं नाही, फिरवणं नाही, डॉक्टर नाही, आणि दीड-दोन महिन्यांत आपला संसार आपणच आटपणार. त्याच्या लहानपणीही घरात असं खोकं होतं. पाला त्याची आई आणायची, त्यामुळे त्याच्या आठवणीत ते किडे हवेवरच जगत. पोरगी इतक्या चटकन राजी कशी झाली, याचा त्याने विचार करायला हवा होता. पण तेवढ्यात फोन वाजला.

किडे आले सोळा. एवढासा जीव आणि खाणं राक्षसाचं. बरं, तुतीशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाहीत. सकाळचा पाला संध्याकाळी कोमेजला की पुन्हा ताजा हवा. ओला चालत नाही, म्हणून पावसाच्या दिवसांत तेवीस इमारतींचा हा कारभारी ओट्याशी उभा राहून एकेक पान फडक्याने पुसू लागला. घराजवळ तुती नव्हती. नदीकाठचं झाड एल्विरानेच शोधून दिलं. जायला-यायला पाऊण तास. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

"काय फेर्मिन," कोपऱ्यावरचा कॅफेवाला सेव्हेरो रोज हाक मारी, "कुत्रा न पाळताच फिरवायला निघालास?"

फेर्मिन किड्यांना शिव्या देत पुढे जाई. मात्र खांद्यावरून एक आवाज सारखा चालू असे. कोणता दात हलतोय, वर्गात कोणाशी कट्टी आहे, आई रात्री उशिरा येते तेव्हा जिन्यातल्या कोणत्या पायरीचा आवाज ऐकून एल्विराला झोप लागते. हे फेर्मिनने कधीच ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना त्याला कुठेतरी लाज वाटे.

मे महिन्याच्या मध्यावर सहलीच्या कागदावर सही हवी म्हणून तो शाळेत गेला. एरवी तो गाडीतूनच तिला फाटकाशी सोडी, कानाला फोन लावून. आज पहिल्यांदा मागच्या अंगणात पाय ठेवला आणि जागीच उभा राहिला. अंगणाच्या मधोमध तुती होती. डेरेदार, जमिनीपर्यंत लवलेली. उभ्या उभ्या हाताला येतील अशी पानं.

"हिच्यामुळेच तर आम्ही मुलांना किडे देतो," वर्गाच्या फेलिसाबाई म्हणाल्या. "रोज शाळा सुटताना प्रत्येकाला पिशवीभर पाला. तुमची एल्विरा तेवढी घेत नाही बघा. म्हणते, नको बाई, माझ्याकडे पपा आणतात." बाई हसल्या. "फार ऐटीत सांगते हो."

फेर्मिनला सकाळची ती थंडी आठवली, ती पुसलेली पानं, सेव्हेरोचे टोमणे. तेवढ्यात एल्विरा दप्तर घेऊन बाहेर आली. तिने पपाकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि मान खाली घालून बुटाच्या टोकाने माती उकरू लागली.

फेर्मिनने एक पान तोडलं, उन्हात धरलं, हुंगलं आणि नाक मुरडलं.

"छे! हा पाला आपल्या किड्यांना चालायचा नाही. नदीकाठची चव लागलीय लाडोबांना."

एल्विराने मान वर केली. फेर्मिन खाली बसला. ती खांद्यावर चढली आणि दोघं फाटकाकडे निघाली. कोटाच्या खिशात फोन वाजू लागला.

"अहो, तुमचा फोन!" बाईंनी मागून हाक मारली.

"वाजू द्या, बाई," फेर्मिन म्हणाला. "हात मोकळे नाहीत."