कारंज्याच्या कठड्यावरचं पाऊल

"मूळचा दगड तेवढा ठेवायचा, नंतरचं सिमेंट सगळं काढायचं," बंगल्याच्या बागेतलं शंभर वर्षांचं कारंजं पूर्ववत करायला आलेल्या बाईंनी बजावलं. ते सिमेंट माझंच. तीस वर्षांपूर्वी फुटका कठडा मीच सांधला होता, आणि तो ओला असतानाच माझी लेक त्यावर पाय देऊन पळाली होती. त्याच वर्षी ती तापानं गेली. "बाई, पावलाचा तुकडा अख्खा काढू द्या," मी हातापाया पडलो. "बघा, संध्याकाळपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. बारीक छिन्नीनं कडेकडेनं ठोकत राहिलो. सिमेंट हलेना, नाव व्हावं म्हणून तेव्हा मी दुप्पट घातलं होतं. बायको खाली चादर धरून बसली होती. "अहो, हळू! टाच तडकतेय!" पुढच्याच घावाला पावलाचा चुरा झाला. तिनं तो चादरीत गोळा केला. "याच पावलासाठी तुम्ही तिला मारलं होतंत."