पाणी बघायला

तळ्याच्या काठावर पोचायच्या आधीच सकुबाईनं पदर नाकाला लावला.

"हे तुमचं पाणी?" तिनं धाकट्या बहिणीला, गोदूला विचारलं.

"हे नाय गो अक्का. हे रस्त्यावरचं. शनिवार-रविवार मुंबईची लोकं येतात इथं."

येतात ते दिसतच होतं. बाटल्यांचा खच, खरकट्या प्लेटी, चघळून टाकलेली कोंबडीची हाडं आणि पाण्यावर तरंगणारे पोरांचे फुगलेले डायपर. काठच्या दगडावर कोणीतरी ओकून ठेवलं होतं, त्यावर माशा घोंघावत होत्या. रानात मोहाच्या फुलांची वाइन करायचा कारखाना निघाल्यापासून ही जत्रा सुरू झालेली. आधी वाइन चाखायची, मग रानातली तळी बघत हिंडायचं. यांना देवानं पैसा दिला आणि लाज द्यायची राहून गेली, असं म्हणून सकुबाई पचकन थुंकली. पाण्यात नाही, बाजूला. तेवढी रीत तिला होती.

तीसुद्धा तळीच बघायला आली होती, पण मौजेला नाही. तिच्या लेकीसाठी, भूमिकासाठी, साईनाथचं स्थळ गोदूनं सुचवलं होतं. घाटाकडं, वैशाखरे गावाच्या पुढं, रानाच्या कडेला घर. मुलगा त्याच कारखान्यात कायम नोकरीला, निर्व्यसनी, दिसायला बरा. जमीनजुमला पुरुषांनी बघावा, पाणी बायकांनी. आणि पाणी बघायचं तर वैशाखात, हा सकुबाईचा हट्ट. तिचं स्वतःचं लग्न ठरलं ते भर श्रावणात. तेव्हा सासरचं गाव असं तुडुंब होतं की तिची आई हरखून गेली. होळी झाली आणि सगळं आटलं. मग वीस वर्षं डोक्यावर तीन हंडे आणि मानेत कळ. आता कुठं दारात शेततळं झालं होतं, तेही नवऱ्याच्या मागं लागून लागून.

"माझ्या पोरीच्या डोक्यावर हंडा चढला, तर मी आई कसली?" ती गोदूला म्हणाली.

पुढचं तळं पहिल्यापेक्षा घाण. कारखान्यातला मोहाचा चोथा कोणीतरी ट्रॉली भरभरून तिथंच ओतला होता. आंबूस वास डोक्यात जात होता. चोथ्यात अळ्या वळवळत होत्या आणि काठाला मेलेल्या मासळ्या पोट वर करून पडल्या होत्या. एक म्हैस आली, तिनं वास घेतला आणि न पिताच माघारी फिरली. सकुबाईही वळली.

"जनावराला कळतं गो. मी जाते परत."

"अक्का, जरा दम धर. त्यांच्या पाड्याचं तळं वेगळं हाय. साईनाथच्या आईनं काल मुद्दाम निरोप धाडलाय, सकाळीच या म्हणून. वाट बघत असतील."

सकुबाई कालच घरून निघून गोदूकडं मुक्कामाला आली होती. संध्याकाळीच जाऊन बघू म्हणत होती, पण निरोप सकाळचा होता. एवढी आलेच आहे तर बघून घेऊ, म्हणून ती पुढं निघाली.

साईनाथची आई, जनाबाई, पाड्याच्या तोंडाशीच उभी होती. डोळे जागरणानं लाल झालेले. चहापाणी काही न विचारता ती त्यांना थेट तळ्यावर घेऊन गेली. वाटेवर चिखल होता, त्यात चाकांचे खोल चर पडले होते. जनाबाईनं सकुबाईचा हात धरून तिला कडेकडेनं नेलं.

आणि सकुबाई बघतच राहिली. छोटंसं बांधीव तळं, वरच्या पायरीपर्यंत भरलेलं. ना बाटली, ना शेवाळ. तळाचा दगड दिसावा असं नितळ पाणी.

"वैशाखात?" तिनं विचारलं.

"देवाची कृपा," जनाबाई म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

सकुबाई ओंजळ भरून पाणी प्यायली. मघापासून तोंडात घोळणारी किळस त्या घोटासरशी उतरली. पाणी गोड होतं. थेट आपल्या घरचं, तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"तुमच्या साईनाथला किती स्थळं आली?"

"पाच. सगळी मोडली." जनाबाईनं हात जोडले. "तुमी नाय म्हणू नका, ताई."

"मी कशाला नाय म्हणू? आमची भूमिका तुमची झाली."

जनाबाईनं घरात नेऊन तिच्या हातावर साखर ठेवली. ठेवताना ती रडायलाच लागली. पोराचं जमलं म्हणून आई रडते, त्यात नवल ते काय.

दिवस कलता कलता सकुबाई एसटीतून उतरली. अंगाला घाण वास चिकटलाय असं तिला वाटत होतं, म्हणून घरात न शिरता ती पाय धुवायला मागं शेततळ्यावर गेली. तळाचं काळं प्लास्टिक उघडं पडलं होतं. मधोमध हातभर गढूळ पाणी उरलं होतं, त्यात एक बेडूक बसला होता.

"अवो, पाणी कुठं गेलं?"

तिचा नवरा, कुंडलिक, ओटीवरून उठून आला. चेहऱ्यावर नेहमीचं भोळं हसू.

"काल तू गेलीस आणि टँकरवाले आले. रातभर भरून नेत होते. घाटाकडं कुठंतरी एका पोराची स्थळं मोडतायत म्हणे पाण्यापायी. आज पोरीची आई बघायला येणार, एक दिवस तळं भरलेलं दिसलं म्हणजे झालं, असं म्हणत होते. लग्नकार्याच्या पाण्याला नाय कसं म्हणायचं? पैसा पण नाय घेतला मी. म्हटलं, कुणाच्या तरी पोरीचं भलं होईल."