गुडघ्याचे चुंबक

दाराशी सहा जोड होते. मुनशिकचे कामाचे बूट दोन जोड, त्याच्याच रबरी सपाता एक, आईच्या सपाता एक, तिचे थंडीतले कापडी बूट एक, आणि अगदी कोपऱ्यात तिचे जुने तांबडे बूट, गुळगुळीत चामडी तळव्यांचे. आई तीन वर्षांत घराबाहेर पडली नव्हती, तरी तांबड्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. आई वस्तू जपते, अशी मनाशी नोंद करून मुनशिक उठला आणि स्वयंपाकघरातल्या फरश्या मोजायला गेला.

सुट्टीचा दुसरा दिवस, मंगळवार. सकाळचे नऊ वाजले होते.

एकतीस वर्षे तो बुसानच्या डोंगरउतारावरच्या घरांचे पाण्याचे मीटर वाचत होता. दिवसाला दोनशे दहा. शेवटी गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दहा दिवस सक्तीने घरी बसवले आणि कमरेला अडकवायला काडेपेटीएवढे एक यंत्र दिले.

"हे पावलं मोजतं. आकडे फक्त माझ्याकडे दिसतात," त्या म्हणाल्या होत्या. "दिवसाला तीन हजारांच्या वर गेलात, तर तुमचा भाग दुसऱ्याला आणि तुम्ही कायमचे टेबलाशी. कळलं?"

टेबल! नुसत्या कल्पनेने मुनशिकला घाम फुटला होता.

दुपारपर्यंत त्याने भांड्यांना झाकणे जुळवली, किमचीचे डबे तारखेप्रमाणे रचले आणि स्वतःच्याच घराच्या मीटरचे वाचन चार वेळा घेतले.

"अरे, तू कामावर जाणार कधी?" टीव्हीसमोर बसलेल्या आईने विचारले. ती ऐंशीला टेकली होती. गुडघे गेल्यापासून तिचे चालणे खोलीपासून न्हाणीघरापर्यंत. प्यायचे पाणीसुद्धा मुनशिक हातात आणून द्यायचा.

"पुढच्या गुरुवारी."

"गुरुवारी!" आईचा चेहरा पडला. "पुरुषमाणसानं इतकं घरात बसू नये. अंगाला बुरशी येते."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांचं काय जातंय सांगायला? जा, जरा वारं खाऊन ये. माझी काळजी करू नकोस. मी काय पळून जातेय?"

आई पळून जाणार नाही. मुनशिक या वाक्यावर संध्याकाळपर्यंत विचार करत बसला.

बुधवारी सकाळी त्याने ते यंत्र आईच्या कमरेला अडकवले.

"हे काय रे?"

"गुडघ्याचं चुंबक. दिवसभर काढायचं नाही, नाहीतर गुण येत नाही."

"केवढ्याला पडलं?"

"फुकट मिळालं."

"मग दोन आणायचीस की, मुलखाच्या भोळ्या!"

मग तो कठडा धरून, घरापासून बसथांब्यापर्यंतच्या एकशे अडुसष्ट पायऱ्या सावकाश उतरला. खाली पिलगु स्कूटर घेऊन उभा होता. मुनशिकचा भाग दहा दिवसांसाठी त्याच्या गळ्यात पडला होता आणि दोनच दिवसांत त्याला एक कुत्रा चावला होता.

"आलास, दादा! देवासारखा आलास. ते सत्तावीस नंबरचं मीटर आहे तरी कुठे? सगळं अंगण उकरलं!"

"किमचीच्या हंड्याखाली. आणि तू हात लावू नकोस. म्हातारीला ताई म्हण, ती स्वतः उचलते."

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. मुनशिक स्कूटरवर मागे बसायचा, प्रत्येक जिन्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठाण मांडायचा आणि फोनवरून पिलगुला वर चढवायचा. गुडघ्याला विश्रांती, जिभेला काम.

बारा वाजता दोघे बसथांब्याजवळ सूपभात खायचे. वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या हॉलमध्ये तेव्हा कोणीतरी कर्ण्यांचा आवाज तपासत असायचे.

"स्टूल सोड, दादा, तिथं जा," पिलगु म्हणाला. "एक ते चार. थंड्याची एक बाटली घेतली की आत. म्हातारी मंडळी काय नाचतात! गेल्या महिन्यात एका आजीनं मला तीन गाण्यांत गारद केलं."

"नशीबवान आहेत," मुनशिक म्हणाला. "आमची आई बघ, बिचारी. एके काळी तीही..." त्याने सुस्कारा टाकला आणि दोघे वरच्या गल्ल्यांकडे निघाले.

पाचला घरी येई, तेव्हा आई जागच्या जागी असे. फक्त पाय गरम पाण्याच्या घमेल्यात.

"आज काय केलंस, आई?"

"बसले. दुसरं काय करणार? अजून थोडा भात वाढ. आणि त्या चुंबकाला गुण आहे हं, पाय कसे हलके झालेत!"

रविवारी पिलगुला सुट्टी, म्हणून मुनशिकही घरी. आई दिवसभर जागची हलली नाही. एकच्या सुमाराला तिने घड्याळाकडे पाहिले आणि काही कारण नसताना मुनशिकवर खेकसली.

गुरुवारी सकाळी त्याने यंत्र सोडवून घेतले.

"चुंबक परत आण हं," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला. "सूज पार उतरली. खरंच बसलात म्हणायचं!"

"बसायचं काय, डॉक्टर," मुनशिक ऐटीत म्हणाला, "एकदा जमलं की जमलं."

त्यांनी यंत्र संगणकाला जोडले. कागद बाहेर आला. बाईंनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि मुनशिकपुढे सरकवला. एकतीस वर्षांच्या सवयीने त्याने ओळीखाली बोट धरून वाचन घेतले.

पहिले दोन दिवस: २,१४० आणि २,३८६. रविवार: ९४. उरलेले सात दिवस, सरासरी: १३,२०४. पायऱ्या, रोज: १६८ खाली, १६८ वर. पैकी दुपारी एक ते चार: ११,५२० पावले, मिनिटाला १२८, एका तालात.