मुखपृष्ठावरचा मासा

गळाने मासे धरणाऱ्यांचं मासिक तीस वर्षं घेणारे काका वर्गणी बंद करायला स्वतःच कचेरीत आले.

"हल्ली कुणाला वाचायलाच नको असतं. काका, तुम्ही तरी सोडू नका हो!" संपादक काकुळतीला आला.

काकांनी तीन अंक टेबलावर आपटले. "तीन मुखपृष्ठं, तीन बहाद्दर, हातातला मासा मात्र एकच! शेपटीचा हा तुटका कोपरा बघा. मी धरला होता याला. फोटो काढून पाण्यात सोडतो म्हणून तुम्ही नेलात!"

संपादक जराही ओशाळला नाही. त्याने कोपऱ्यातला फ्रीज उघडला. भपकारा आला आणि काकांनी नाकाला रुमाल लावला.

"ते तिघंही वर्गणी बंद करायलाच आले होते," मासा बाहेर काढत संपादक म्हणाला. "घ्या, धरा. जरा छाती पुढे काढा."